केटलबेलने नेमका काय फायदा होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केटलबेलबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत, मग फॉर्मचे (व्यायाम करण्याच्या योग्य पद्धतीचे) आणि शेवटी दुखणी, आजार, अपवाद. सगळं वाचायला वेळ नसेल तरी प्रश्न ९ सोडू नका. बाकीची निम्मी उत्तरं त्यावर उभी आहेत.

१. केटलबेल म्हणजे काय, आणि डंबेल असताना तिची गरज काय?

लोखंडाचा गोळा आणि त्यावर जाड कडीची मूठ, एवढंच. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं. केटलबेलचं सगळं वजन मुठीच्या खाली, हातापासून काही इंच दूर असतं. बाकीचं सगळं या एका फरकातून निघतं. वजन दूर असल्यामुळे ते झुलवता येतं, दोन पायांच्या मधून मागे नेता येतं, आणि झुलताना ते तुम्हाला सतत पुढे किंवा बाजूला ओढत राहतं. ती ओढ थोपवण्याचं काम पोट, कंबर, खांदा आणि पंजाची पकड यांच्यावर येतं.

डंबेल वाईट आहे असं नाही. दंडाचा किंवा खांद्याचा एकच स्नायू सावकाश वाढवायचा असेल तर डंबेलच सोयीचं. पण वेगाने झुलवण्याचे व्यायाम डंबेलने करून पाहिलेत की मूठ हातात नीट बसत नाही, हे लगेच कळतं.

२. वजनं १६, २४, ३२ अशीच का असतात?

कारण केटलबेल मुळात रशियातलं धान्य तोलायचं माप. तिथे तिला गिर्या म्हणतात. पूद हे जुनं रशियन वजन साधारण १६.३८ किलोचं, त्यामुळे एक, दीड आणि दोन पूद म्हणजे जवळपास १६, २४ आणि ३२ किलो. मापं उचलून ताकद दाखवण्याची चढाओढ तिथे जुनीच होती. १९व्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गमधले डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी वजनांच्या व्यायामाला शिस्त लावली आणि त्यात केटलबेललाही जागा मिळाली. पुढे त्याचा स्पर्धात्मक खेळ झाला. १९८५ मध्ये लिपेत्स्क इथे सोव्हिएत संघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. या खेळात १० मिनिटांत केटलबेल खाली न ठेवता किती वेळा उचलली, हे मोजतात. आता ४ किलोपासून पुढे सगळी वजनं मिळतात.

३. फिटनेसला खरा फायदा कोणता? लांबलचक यादी नको.

मग मागच्या बाजूपासून सुरुवात करतो. नितंब, मांडीचे मागचे स्नायू आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे पाठीचे स्नायू यांना केटलबेलइतकं थेट काम देणारी साधनं थोडी आहेत. तासन्‌तास बसून राहणाऱ्यांचे हेच स्नायू सगळ्यात कमी वापरले जातात. आणि खालून काही उचलायचं, जिना चढायचा, उडी मारायची, तर भार यांच्यावरच येतो. स्विंगमध्ये, म्हणजे केटलबेल पायांच्या मधून मागे नेऊन पुढे छातीपर्यंत झुलवण्यात, ते जोरात आकसतात आणि पुढच्याच क्षणी ढिले होतात. त्यामुळे ताकद तर वाढतेच, शिवाय ती झटकन वापरायची सवयही लागते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात काही पुरुषांनी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फक्त १२ मिनिटं स्विंग केले: ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती. दुसऱ्या गटाने जंप स्क्वॉट (उठाबशीसारखं खाली जाऊन उडी मारणं) केले. दोन्ही गट मिळून उभी उडी सुमारे २० टक्क्यांनी आणि हाफ स्क्वॉटमधलं (अर्ध्यापर्यंत खाली जाऊन उठण्यातलं) कमाल वजन सुमारे १० टक्क्यांनी वाढलं, आणि दोन गटांत ठळक फरक पडला नाही. इतक्या थोड्या वेळात एवढं मिळत असेल, तर मला ते फार मोलाचं वाटतं.

दुसरा फायदा पकडीचा. मूठ जाड, वजन हलतं, आणि प्रत्येक स्विंगच्या तळाशी ते हातातून निसटू पाहतं. काही आठवड्यांत पंजे आणि कोपरापुढचा हात घट्ट होतो. तिसरा फायदा एकाच व्यायामात ताकद आणि दम दोन्ही लागण्याचा. त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा. मान, खांदे आणि कंबरेच्या दुखण्याबद्दल प्रश्न १२ मध्ये आहे.

४. स्टॅमिना वाढतो ना? मग पळणं, सायकल बंद केली तर चालेल?

धाप लागते, यात वाद नाही. २०१० मधल्या एका चाचणीत तरुणांनी १६ किलोने १२ मिनिटं जमतील तितके दोन हातांचे स्विंग केले. त्यांच्या हृदयाचे ठोके सरासरीने कमाल मर्यादेच्या ८७ टक्क्यांपर्यंत गेले, पण ऑक्सिजनचा वापर कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे ठोक्यांवरून जेवढं कठीण वाटतं तेवढं फुप्फुसांना आणि हृदयाला एरोबिक (दमसास वाढवणारं) काम मिळतंच असं नाही. मूठ आवळलेली असते, स्नायू ताणलेले असतात, त्यानेही ठोके वाढतात.

म्हणून घड्याळावरचे ठोके बघून कार्डिओ उरकला असं धरू नका. नवख्या माणसाचा दम केटलबेलने वाढतो, पण लांब पल्ल्याचं पळणं किंवा पोहणं यांची जागा ती घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. केटलबेलचे दोन-तीन दिवस आणि उरलेल्या दिवशी भरभर चालणं, ही जोडणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते.

५. २० मिनिटांत ४०० कॅलरी जळतात असं वाचलं. खरं आहे का?

तो आकडा हवेतून आलेला नाही, पण तो तुमचा आकडा नाही. २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात केटलबेलचा आधीपासून अनुभव असलेल्या दहा जणांनी २० मिनिटं स्नॅच (केटलबेल एका हाताने, एका झटक्यात डोक्यावर नेणं) केले: १५ सेकंद काम, १५ सेकंद विश्रांती, पूर्ण जोर लावून. मोजलेला आणि अंदाजलेला खर्च मिळून मिनिटाला सुमारे २० कॅलरी निघाल्या. स्नॅच हा या प्रकारातला सगळ्यात दमवणारा व्यायाम आणि तो करणारे मुरलेले लोक. महिन्याभरापूर्वी स्विंग शिकलेल्याने हा हिशेब स्वतःला लावला तर निराशाच पदरी पडेल.

वजन कमी होणं मुख्यतः खाण्यावर ठरतं. केटलबेलचा त्यातला खरा हातभार असा, की कमी खात असताना स्नायू झिजू नयेत म्हणून जो ताकदीचा व्यायाम लागतो, तो ती थोडक्यात देते.

६. केटलबेलने बॉडी बनेल का? आणि बायकांचे हात पुरुषी दिसायला लागतील का?

पहिल्या काही महिन्यांत खांदे, पाठ, नितंब आणि मांड्या भरतात, विशेषतः आधी काहीच व्यायाम नसेल तर. पण मोठे स्नायू किंवा कमाल ताकद हेच ध्येय असेल, तर बारबेल (दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या लावायची लांब दांडी) सरस. २०१२ मध्ये दोन्हींची तुलना झाली, तेव्हा ताकद दोन्ही गटांची वाढली, पण स्क्वॉटमध्ये बारबेलच्या वेटलिफ्टिंगवाल्यांची जास्त वाढली. कारण उघड आहे: बारबेलला दीड-दोन किलो लावत पुढे जाता येतं, केटलबेलला नाही (प्रश्न १८).

दुसऱ्या भागाचं उत्तर: नाही. आपोआप, नकळत मोठे स्नायू कोणाचेच होत नाहीत. या भीतीपोटी कित्येक जणी वर्षानुवर्षं २-४ किलोवर थांबतात आणि फायद्याला मुकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७. पहिली केटलबेल किती किलोची घ्यावी?

व्यायामाची थोडीफार सवय असलेल्या बहुतेक महिलांना ८ किंवा १२ आणि पुरुषांना १२ किंवा १६ किलो बरोबर बसते. वय जास्त असेल, आजारपणातून उठला असाल किंवा आयुष्यात पहिल्यांदाच वजन हातात घेत असाल तर एक पायरी खाली.

हलकं वजन म्हणजे सुरक्षित, असा समज असतो. स्विंगच्या बाबतीत तो पूर्ण बरोबर नाही. ४ किलोची केटलबेल हातांनी सहज वर उचलता येते, त्यामुळे कंबर-नितंबांनी ढकलण्याची सवयच लागत नाही. वजन इतकं हवं, की नुसत्या हातांनी ते छातीपर्यंत नेणं नकोसं व्हावं. याउलट डोक्यावर नेण्याच्या व्यायामांना हलकंच बरं. एकच घेणार असाल तर स्विंगला योग्य ती घ्या. प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) नंतर त्याच वजनाने जमेल.

८. कास्ट आयर्न घेऊ की कॉम्पिटिशन केटलबेल?

घरी व्यायाम करायला कास्ट आयर्न पुरते. तिचा गोळा वजनाप्रमाणे लहान-मोठा होतो. कॉम्पिटिशन केटलबेल स्टीलची असते आणि ८ किलो असो की ३२, आकार तोच. वजन रंगावरून ओळखायचं, जसं १६ ला पिवळा, २४ ला हिरवा, ३२ ला लाल. वजन वाढवलं तरी ती हाताला त्याच जागी टेकते, हा तिचा फायदा; मूठ अरुंद असल्याने मोठ्या पंजांना दोन हातांचा स्विंग अडचणीचा होतो, हा तोटा. कुठलीही घ्या, मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवून बघा. तिथे ओतकामाची धार राहिली असेल तर ती घेऊ नका, तळहात सोलवटेल.

९. स्विंग बरोबर कसा करायचा?

आधी वजन बाजूला ठेवा. स्विंगचं मूळ हिप हिंजमध्ये आहे: गुडघे किंचित सैल, नितंब सरळ मागे, पाठ सपाट आणि धड पुढे झुकलेलं. दोन्ही हातांत सामान असताना आपण बुडाने दार मागे लोटतो, तीच ही हालचाल. भिंतीकडे पाठ करून पाऊलभर पुढे उभे राहा आणि नितंब भिंतीला टेकवा. जमलं की दोन इंच आणखी पुढे सरका. नडग्या जवळजवळ उभ्या राहिल्या पाहिजेत आणि मांडीच्या मागे ताण जाणवला पाहिजे. गुडघे पुढे जात असतील तर तो स्क्वॉट झाला. पाठ वाकते का हे बघायला पाठीवर उभी काठी धरा: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकलेलीच राहायला हवी.

मग केटलबेल दोन पायांच्या मधे ठेवून हीच हालचाल डेडलिफ्ट म्हणून करा, म्हणजे ती जमिनीवरून उचलत सरळ उभे राहा. दहाच्या दहा डेडलिफ्ट स्वच्छ होईपर्यंत स्विंगकडे जायचं नाही. यात सवलत नको.

आता स्विंग. केटलबेल हातभर पुढे ठेवा, हिंज करा, दोन्ही हातांनी मूठ धरून ती आपल्याकडे कलती करा. खांदे कानांपासून दूर. तिथून ती पायांच्या मधून मागे न्या, पण गुडघ्यांच्या पातळीवर नाही, तर जांघेच्या जवळून; मनगटं मांडीच्या वरच्या भागाला लागली पाहिजेत. मग ताडकन उभे राहा. नितंब आवळा, गुडघे सरळ, पोट घट्ट. हात फक्त वजन धरून ठेवतात, उचलत नाहीत. उभं राहण्याच्या जोरानेच केटलबेल छातीपर्यंत तरंगत येते. तिथे क्षणभर तुम्ही डोक्यापासून टाचेपर्यंत ताठ, मागे कललेले नाही.

परत येताना बहुतेकांचं चुकतं. केटलबेल खाली यायला लागली की लगेच वाकायचं नाही. कोपरापुढचा हात पोटाला लागेपर्यंत उभेच राहा आणि मग नितंब मागे घ्या. सुरुवातीला सलग दहाच्या वर रेप (आवर्तनं) नकोत. पुढचा वाईट जाणार असं वाटलं तर सेट (सलग केलेले रेप) तिथेच संपला.

१०. छातीपर्यंत न्यायची की डोक्यावर?

छातीपर्यंतचा रशियन स्विंग आणि डोक्यावर जाणारा अमेरिकन स्विंग, असे दोन प्रकार आहेत. मी पहिल्याच्या बाजूने आहे. डोक्यावर दोन्ही हात एकाच मुठीवर जवळ असताना खांद्याला मोकळी जागा कमी मिळते, आणि खांदे आखडलेले असतील तर ती कसर कंबर मागे वाकवून भरून काढली जाते. डोक्यावर न्यायचीच असेल तर त्यासाठी स्नॅच आहे. मात्र तुमच्या स्पर्धेच्या नियमात अमेरिकन स्विंग असेल तर खांदे मोकळे करून तो शिकावाच लागेल.

११. स्विंग केल्यावर कंबर दुखते. काय चुकतंय?

दुसऱ्या दिवशी नितंब आणि मांडीची मागची बाजू जड वाटणं ठीक. कंबरेतच कळ येत असेल तर फॉर्म तपासा. सहसा यांपैकी काहीतरी असतं: केटलबेल गुडघ्यांइतकी खालून जाते, खाली येताना तुम्ही तिच्याआधी वाकता, किंवा वर पोचल्यावर पोट ढिलं सोडून मागे झुकता. बाजूने व्हिडिओ काढा, तिन्ही गोष्टी दिसतील. चौथी चूक सेट संपल्यावर होते. दमलेल्या अवस्थेत पाठ वाकवून केटलबेल जमिनीवर ठेवली जाते आणि तिथेच उसण भरते. ठेवतानाही हिंज करा.

दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पायातला जोर कमी वाटत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा कमी वाटला किंवा जांघेत बधिरता आली तर त्याच दिवशी, ताबडतोब.

१२. मला आधीपासूनच कंबरदुखी आहे. केटलबेलने बरी होईल की वाढेल?

दोन्ही शक्य आहे, म्हणून हे उत्तर नीट वाचा. २०११ मधल्या एका डॅनिश अभ्यासात ४० प्रौढांना चिठ्ठीने दोन गटांत विभागलं. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा केटलबेलचा व्यायाम केला. त्यांचं मान-खांद्यांचं आणि कंबरेचं दुखणं कमी झालं, पाठीची ताकद वाढली. (एरोबिक क्षमता मात्र वाढली नाही, प्रश्न ४ शी हे जुळतं.) ही रोजच्या कामातून येणारी सर्वसाधारण दुखणी होती, निदान झालेला गंभीर आजार नव्हे.

दुसरी बाजू अशी. २०१२ मध्ये कॅनडात मणक्यावर येणारा भार मोजला गेला. स्विंगमध्ये कंबरेच्या मणक्यांवर जो सरकवणारा ताण येतो, तो नेहमीच्या वजन उचलण्यात येणाऱ्या ताणाच्या उलट दिशेचा असतो, असं दिसलं. एरवी जड वजन उचलणाऱ्या काहींना स्विंग सोसत नाही, त्याचं कारण हे असू शकतं. तेव्हा स्लिप डिस्क, मणका सरकलेला असणं किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. साधी, येऊनजाऊन असणारी कंबरदुखी असेल तर आधी काही आठवडे फक्त हिंज, डेडलिफ्ट आणि एका हातात केटलबेल धरून चालणं एवढंच करा.

१३. आठवड्यातून किती दिवस, किती वेळ?

दोन किंवा तीन दिवस, २० ते ३० मिनिटं, वॉर्मअप धरून. पहिल्या दोन महिन्यांसाठी एवढं पुरे: गॉब्लेट स्क्वॉट (केटलबेल छातीशी धरून उठाबशी) ५ चे ३ सेट, स्विंग १० चे ५ ते १० सेट, प्रत्येक हाताने प्रेस ५ चे ३ सेट, आणि शेवटी केटलबेल एका बाजूला धरून चालणं. दोन स्विंग सेटमध्ये पुन्हा सहज बोलता येईपर्यंत थांबा. रोज करावंसं वाटलं तरी सुरुवातीला मधे एक दिवस सोडा. स्नायू तयार वाटतात, पण तळहाताची कातडी आणि कोपराचे स्नायुबंध मागे असतात.

१४. टर्किश गेट-अप शिकायलाच हवा का?

सक्ती नाही, पण शिकावा असं मी आग्रहाने सांगतो. पाठीवर झोपून एका हाताने केटलबेल वर धरायची आणि ती तशीच ठेवून कोपरावर, हातावर, गुडघ्यावर येत उभं राहायचं, मग त्याच मार्गाने परत झोपायचं. खांदा प्रत्येक कोनात स्थिर ठेवायला तो शिकवतो, आणि जमिनीवरून उठण्याचा सराव तर वाढत्या वयात अनमोल. आधी रिकाम्या हाताने, मग मुठीवर बूट तोलून शिका. बूट पडला नाही तरच केटलबेल.

१५. क्लीन (केटलबेल खालून खांद्यापाशी आणणं), स्नॅच करताना मनगटावर आपटते. निळे डाग पडलेत.

केटलबेल मनगटावरून उलटी पडते आहे, म्हणजे तुम्ही मूठ फार घट्ट धरून तिला लांबून गोल फिरवताय. तिला शरीराच्या जवळून वर येऊ द्या, पकड सैल करा आणि शेवटच्या क्षणी पंजा मुठीत पुढे खुपसा. मूठ तळहातावर तिरकी बसली पाहिजे, मनगट सरळ. रिस्टबँड लावून डाग टळतात, पण चूक तशीच राहते.

१६. तळहाताला घट्टे आणि फोड येतात. ग्लोव्हज घालू का?

नको. ग्लोव्हजने मूठ आणखी जाड होते, कापड सुरकुततं आणि फोड उलट वाढतात. मूठ तळहाताच्या मधोमध न धरता बोटांच्या मुळाशी, आकड्यासारखी धरा. घामासाठी चॉक (पकडीसाठीची खडूसारखी पांढरी पूड) थोडाच लावा, जास्त लावलात तर कातडी ओढली जाते. घट्टे अंघोळीनंतर मऊ असताना प्युमिस दगडाने घासून सपाट ठेवा, उंचवटा राहिला की तोच फाटतो. फोड फुटला असेल तर भरून येईपर्यंत स्विंग बंद, गॉब्लेट स्क्वॉट चालू.

१७. बूट कोणते?

सपाट आणि कडक तळव्याचे, किंवा अनवाणी. पळण्याच्या जाड, मऊ बुटांत टाच डुगडुगते आणि वजन पुढे ढकललं जातं.

१८. वजन कधी वाढवू? पुढची केटलबेल एकदम जड वाटते.

वाटते नाही, असतेच. ८ वरून १२ म्हणजे ५० टक्के वाढ, १२ वरून १६ म्हणजे ३३ टक्के. म्हणून उडी मारण्याऐवजी दोन्ही वजनं मिसळा. दहा सेटपैकी मधले दोन जड वजनाने, बाकी जुन्याने. आठवड्यागणिक जड सेट वाढवत न्या. वेळ आली हे कसं ओळखायचं? सध्याच्या वजनाने १० चे १० सेट शेवटपर्यंत तितक्याच उंचीने आणि वेगाने जात असतील तर. प्रेसमध्ये ही पायरी चढायला स्विंगपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचं वजन एकाच दिवशी वाढवायचा हट्ट धरू नका.

१९. ब्लड प्रेशर आहे. चालेल का?

औषधाने आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर बहुतेकांना चालतं. श्वास मात्र रोखायचा नाही, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणापुरता खूप चढतो. स्विंगमध्ये वर येताना श्वास सोडा, मागे जाताना घ्या. वजन मध्यम, सेट छोटे, विश्रांती भरपूर. सेट संपल्यावर एकदम बसू नका, चालत राहा. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप वाटली तर थांबा आणि तपासून घ्या. हृदयविकार झालेला असेल, तर व्यायामाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा.

२०. आईचं वय ६५ आहे. तिने सुरू करावं का?

हो, जरूर. ऑस्ट्रेलियात फारसा व्यायाम न करणाऱ्या ५९ ते ७९ वयाच्या लोकांना तीन महिने केटलबेल शिकवली गेली, आणि त्यांच्या हाताच्या पकडीसह अनेक शारीरिक क्षमता सुधारल्या. या वयात पकड आणि खुर्चीतून उठण्याची ताकद यांवर माणसाचं स्वावलंबन टिकून असतं. सुरुवात डेडलिफ्ट, खुर्चीवर बसून-उठून गॉब्लेट स्क्वॉट आणि वजन धरून चालण्याने करा. स्विंग नंतर, शक्यतो शिकवणारं कोणी समोर असताना. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठ वाकवून वजन उचलणं पूर्ण टाळा आणि डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

२१. गुडघे दुखतात. स्क्वॉट जमत नाही, मग स्विंग?

स्विंगमध्ये गुडघे थोडेच वाकतात आणि काम नितंबांचं असतं, त्यामुळे स्क्वॉट न सोसणाऱ्यांनाही तो बरेचदा सोसतो. अट एकच, तो खरा हिंज हवा (प्रश्न ९). गुडघ्याला सूज असेल किंवा तो अडकत असेल तर आधी निदान.

२२. गरोदर आहे, किंवा नुकतंच बाळंतपण झालंय. काय करू?

आधीपासून केटलबेल करत असाल आणि गरोदरपण सुरळीत असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने हलक्या वजनाचे, संथ व्यायाम चालू ठेवता येतात. नव्याने स्विंग किंवा स्नॅच शिकायची ही वेळ नाही. पाठीवर बराच वेळ झोपावं लागणारे व्यायाम पहिल्या तीन महिन्यांनंतर टाळतात, त्यामुळे गेट-अपही नको.

बाळंतपणानंतर डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही आधी श्वास, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि चालणं. मग डेडलिफ्ट. स्विंग सगळ्यात शेवटी. स्विंग करताना लघवीचे थेंब गळत असतील किंवा खाली जडपणा वाटत असेल, तर ते सहन करत राहायचं नाही. याला चांगले उपचार आहेत. या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला भेटा.

२३. फक्त केटलबेलवर व्यायाम पूर्ण होतो का?

जवळजवळ. एक गोष्ट राहते: वरून खाली ओढण्याची, म्हणजे पुलअपची. त्यासाठी बार हवा. पाय खूप ताकदवान झाले की घरातली केटलबेल त्यांना हलकी पडायला लागते. तेव्हा दोन केटलबेल खांद्यांपाशी धरून फ्रंट स्क्वॉट करा, किंवा एका पायावरची डेडलिफ्ट.

२४. घरात जागा कमी आहे आणि खाली शेजारी राहतात. कसं जमवू?

पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हात पसरून एक पाऊल मोकळं असलं की स्विंगला जागा पुरते. समोर आरसा, काच किंवा टीव्ही नको. जाड रबरी मॅट टाका आणि प्रत्येक सेटनंतर केटलबेल हिंज करून हलकेच ठेवा, आवाज जवळपास होत नाही. लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत, दार लावून. स्विंगच्या मागच्या टोकाला मागून कोण आलंय ते दिसत नाही. डोक्यावर धरलेली केटलबेल सुटायला लागली तर वाचवायला जाऊ नका. हात काढा आणि लगेच बाजूला व्हा, ती फरशीवर पडू द्या.